मेरीलँडची न फुलणारी तंबाखू

१९०६च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये तंबाखूचे एक अजस्र वाण निपजले. दहा-बारा फूट उंची, पाने शंभराच्या घरात. शेतकऱ्याने आणखी काय मागावे? पण त्याला उन्हाळाभर फूलच येईना. थंडी पडून झाडे मरण्याआधी बी धरायचे तर ती हिवाळ्यात काचघरात न्यावी लागत. तिथे मात्र लहानसे रोपही फुलून येई.

वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील सरकारी शेतावर वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड हे कोडे घेऊन बसले होते. पहिला संशय तापमानावर जाणे साहजिकच होते. पण काचघर उबदार असूनही फूल हिवाळ्यातच येत होते. ओलावा, खत, उन्हाची तीव्रता यांनीही उलगडा होईना. शिवाय बिलॉक्सी सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरले तरी सप्टेंबरात जवळजवळ एकदमच फुले. उरली दिवसाची लांबी. जुलै १९१८मध्ये त्यांनी काही कुंड्या दुपारी चार वाजता एका अंधाऱ्या खोपटात ढकलायला आणि सकाळी नऊला बाहेर काढायला सुरुवात केली. ऐन उन्हाळ्यात तंबाखू फुलली! १९२०मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि शोध या दोघांच्या नावावर लागला.

मला इथे एक नाव आग्रहाने घ्यावेसे वाटते. पॅरिसमध्ये जुलियाँ तूर्न्वा १९१२पासून हॉप आणि भांगेच्या रोपांवर हेच पाहत होता. दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणे महत्त्वाचे, असे त्याने १९१४मध्ये लिहिले. पुढे महायुद्धात तो मारला गेला. त्याचे म्हणणे खरे होते हे १९३८मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले: लांब रात्रीच्या मध्यात थोडा वेळ दिवा लावला की फुलणे थांबते. तूर्न्वा जगता तर ही चोवीस वर्षे वाचली असती, असे मला वाटते.

तापमान यातून निर्दोष सुटले असे मात्र नव्हे. काश्मिरात कबरींवर लावतात त्या दाढीदार आयरिसच्या कंदाला आधी हिवाळा भोगावा लागतो. मग वसंताची ऊब जशी येईल तशी फुले लवकर किंवा उशिरा येतात.

आपली दिवाळीची शेवंती तूर्न्वाच्या बाजूची. रात्री लांबल्या की ती कळी धरते. म्हणूनच पॉलिहाउसमधले शेतकरी तिला लवकर फुलवायला संध्याकाळी काळे कापड ओढतात आणि फुले लांबणीवर टाकायची असली की मध्यरात्री दिवे लावतात.