काळ्या ओकची साल, टायटॅनियमचा स्क्रू

स्वीडनच्या ब्रोनेमार्कने 1965 साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात दातांसाठी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्या स्क्रूभोवती हाड चांगलं धरावं म्हणून अलीकडे वनस्पतींतल्या रेणूंचे लेप करून पाहतात. त्यांतल्या क्वेर्सिट्रिनचं कुळ शोधत गेलं तर आपण रंगाऱ्यांच्या घरात पोचतो, आणि मूळपुरुष निघतो एक गुप्तहेर.

एडवर्ड बॅनक्रॉफ्ट. जन्म मॅसॅच्युसेट्सचा, उमेदीची वर्षं गयानात, पुढे मुक्काम लंडन. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या ओकची वरची काळी साल तासून आतली पिवळी साल दळली की तिच्यातून पिवळाधमक रंग निघतो, हे त्याने हेरलं आणि 1785 मध्ये पार्लमेंटकडून त्याचा मक्ता पदरात पाडून घेतला. त्याआधी पॅरिसमध्ये अमेरिकेचा दूत बेंजामिन फ्रँकलिन याच्या पदरी राहून तो इंग्रजांना बातम्या पुरवत होता. अदृश्य शाईने लिहिलेली पत्रं बाटलीत घालायची आणि त्वीलरी बागेतल्या झाडाखालच्या भोकात दोरीने सोडायची! बिंग फुटलं 1889 मध्ये. तोवर त्याला जाऊन 68 वर्षं झाली होती.

रंगाऱ्यांना या उद्योगांशी काय देणंघेणं? त्यांची अडचण निराळी. साल नुसती उकळून रंग टिकत नाही, तुरटी लागते. तिच्यातलं अॅल्युमिनियम धाग्यालाही धरतं, रंगालाही. कथील घातलं तर पिवळा झळाळतो, लोखंड घातलं तर शेवाळी होतो. पुढे कृत्रिम रंग आले आणि सालीचा धंदा बसला.

त्या सालीतला पिवळा रंगरेणू म्हणजेच क्वेर्सिट्रिन 2013 मध्ये मायोर्का बेटावरच्या संशोधकांनी उंदराच्या पेशींवर वापरून पाहिला. हाड घडवणाऱ्या पेशी जोमाने पक्व झाल्या, हाड झिजवणाऱ्या कमी तयार झाल्या. मग गोळीच का देऊ नये? कारण पोटातून जाताना आतडी आणि यकृत हा रेणू पार बदलून टाकतात. म्हणून तो स्क्रूवरच बांधायचा. पण इथेही तो आपणहून टिकत नाही. टायटॅनियमवर आधी सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा अतिपातळ थर द्यावा लागतो, मग त्याला क्वेर्सिट्रिन जोडतात. रंगाऱ्याची तुरटीच ही, फक्त कापडाजागी धातू. मला तर या संशोधनातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

मात्र 2013 चे ते निकाल प्रयोगशाळेच्या बशीतले. जबड्यात लाळ असते, जंतू असतात, चावण्याचा भार असतो. शिवाय स्क्रू हाडात पिळून बसवताना त्यावरचा नाजूक लेप खरवडून गेला, तर सगळीच मेहनत पाण्यात.