पाळीआधीचा त्रास : बांधावरची निर्गुंडी शेकायला वापरा, प्यायला नको

पाळी यायच्या पाच-सात दिवस आधी पोट फुगतं, कंबर धरते, छाती जड होऊन दुखते. चिडचिड होते, उगाच रडू येतं. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. डॉक्टर याला पीएमएस म्हणतात. घरात मात्र पोरीचे नखरे म्हणून सोडून देतात. हे नखरे नव्हेत, शरीरातल्या संप्रेरकांच्या चढउताराचा हा परिणाम असतो.

यावर निर्गुंडीचा काढा प्या, असा सल्ला मोबाईलवर मिळतो. त्याचं मूळ युरोपात आहे. निर्गुंडीच्याच कुळातलं एक झुडूप तिकडं असतं, त्याच्या फळांचा अर्क या त्रासावर देतात. जर्मनीत १७० बायकांवर त्याची चाचणी झाली आणि २००१ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. अर्क घेणाऱ्या निम्म्याहून थोड्या जास्त बायकांना चांगला फरक पडला. गंमत म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी जवळपास पाव बायकांनाही बरं वाटलं! पण ते झाड वेगळं. तिथं फळांचा मोजून काढलेला अर्क, आपल्याकडं अंदाजानं उकळलेला पाला. तेव्हा काढा नको. पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा आणि कंबर, ओटीपोट शेकायचं. चटका बसणार नाही एवढं बघा.

पोटात घ्यायचं तर आलं बरं. पाळीच्या दुखण्यावर त्याचा उपयोग काही छोट्या चाचण्यांत दिसलाय. बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून कपभर पाण्यात उकळा, दिवसातून दोनदा पुरे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गॅस धरला असेल तर चिमूटभर ओवा किंवा बडीशेप. शतावरी कल्पाचं म्हणाल तर त्या डब्यात बहुतेक साखरच असते. कल्प असो की काढा, दिवस गेल्याची शंका असेल तर मनानं काहीच घेऊ नका.

त्या आठवड्यात पापड, लोणचं, फरसाण कमी केलं तर अंगावरची सूज कमी होते. कॅल्शियमनंही हा त्रास कमी होतो, म्हणून नाचणीची भाकरी, तीळ, दूध-ताक खाण्यात ठेवा. सतत थकवा असेल तर रक्त कमी असू शकतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी चुकवू नका, आणि तिच्यावर लगेच चहा नको.

दर महिन्याला शाळा किंवा काम बुडत असेल, रक्तस्राव फार होत असेल किंवा पाळी संपल्यावरही दुखत असेल, तर घरगुती उपाय थांबवून ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

काही मुलींचं मन या दिवसांत इतकं खचतं की जगणं नको वाटतं. पोरगी तसं बोलली तर हसण्यावारी नेऊ नका. तिला एकटी सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.