वैद्यकशाळेंतील आचार्यपद

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य अंगाचे दोन डोंगरी तालुके. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच मुलखांत. 1948 सालीं विलीनीकरण होईपर्यंत येथें पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा अंमल होता. इतिहासप्रेमी मंडळी गड पाहावयास येतात आणि दुसऱ्या दिवशीं पुण्यास परततात. आषाढ-श्रावणांत ओढ्यांना पूर आला म्हणजे डोंगरावरच्या वाडीचा खालच्या गांवाशीं संबंध कसा तुटतो, हें सहसा त्यांच्या दृष्टीस पडत नाहीं. अशा वेळीं अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला गडी झोळींत घालून लोक ज्या डॉक्टराच्या दारांत आणतात, त्यास निर्णय एकट्यानेंच घ्यावा लागतो. सल्ला विचारावयास जवळ कोणी प्राध्यापक नसतो, आणि पुण्याचें ससून रुग्णालय भोरपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर. हा डॉक्टर त्या क्षणीं काय करील, हें पुष्कळसें अगोदरच ठरलेलें असतें; तें ठरविण्याचें उत्तरदायित्व वैद्यकशाळेंत नेमकें कोणाच्या शिरावर असावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रत्येक विषयाचा एक विभाग आणि त्यास एक प्रमुख असतो. पण या प्रमुखास रुग्ण पाहावयाचे असतात, शस्त्रक्रिया करावयाच्या असतात, संशोधन आणि सरकारी पत्रव्यवहारही सांभाळावयाचा असतो. विद्यार्थ्यांस शिकविणें हें विभागांतील सर्वांचें काम, असें म्हणण्याची वहिवाट आहे. आणि जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हा संसारांतला अनुभव विद्यालयांतही चुकत नाहीं. म्हणून विभागांत शिक्षणाचा असा स्वतंत्र धुरीण असावा कीं काय, असल्यास त्याचे अधिकार कोणते, याचा ऊहापोह आज देशोदेशीं चालला आहे. आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल एकदां प्रत्यक्ष प्रयोगानें लागला होता, आणि तो दोन मनुष्यांच्या चरित्रांत पाहावयास मिळतो.

1826 सालीं एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दींत मुंबईस एतद्देशीयांसाठीं पहिली वैद्यकशाळा निघाली. तिचे सुपरिंटेंडेंट डॉ. जॉन मॅक्लेनन. हे गृहस्थ उद्योगी आणि सद्भावाचे होते. शिकवावयाचें तें लोकांच्या भाषेंत, हा त्यांचा संकल्प. त्याकरितां त्यांनीं वैद्यकाचे ग्रंथ मराठींत आणि गुजरातींत उतरविण्याचें अवघड काम हातीं घेतलें. ज्या भाषेंत तोंवर शारीरविषयक पाश्चात्त्य परिभाषेचा एक शब्दही रूढ नव्हता, त्या भाषेंत औषधकोश रचावयाचा म्हणजे रान तोडून शेत करण्यासारखें होतें. तथापि 1832 सालीं सरकारनें ही शाळा बंद केली. मॅक्लेननच्या ठिकाणीं विद्वत्तेची उणीव होती असें कोणी म्हणणार नाहीं. उणीव होती ती अधिकाराची आणि साधनांची. अध्यापनाचा जवळजवळ सारा भार एकट्यावर. हाताखालीं शिक्षकवर्ग नाहीं, शवविच्छेदन नाहीं, शाळेच्या हुकमतींतलें रुग्णालय नाहीं. पद होतें, पण पदाच्या खालीं जमीन नव्हती.

पुढें 1835 सालीं सर रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर झाले. नवी शाळा काढण्यापूर्वीं जुनी कां बुडाली याची चौकशी करण्याची बुद्धि त्यांना झाली, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व पुण्याईहून मोठी वाटते. कारण बुडालेल्या संस्थेची राख उकरण्याचें धैर्य राज्यकर्त्यांत विरळा असतें. त्या चौकशींत प्रमुख होते मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीचे चिटणीस डॉ. चार्ल्स मोरहेड. यांचें शिक्षण एडिंबरो येथें आणि नंतर पॅरिस येथें लुई या प्रख्यात वैद्याजवळ झालेलें. रोग्याच्या खाटेशीं उभें राहून, लक्षणांची रोज नोंद ठेवून वैद्यक शिकावयाचें, हा तेथील परिपाठ मोरहेडच्या अंगीं मुरलेला होता. ग्रँटसाहेब 1838 सालीं पुण्याजवळ दापोडीस वारले. त्यांच्या स्मारकार्थ लोकवर्गणी आणि सरकारी मदत मिळून 1845 सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें, आणि त्याच वर्षीं शेजारींच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झालें.

या शेजारांत सारें मर्म आहे. मोरहेड एकाच वेळीं विद्यालयाचे मुख्य, वैद्यकाचे प्राध्यापक आणि रुग्णालयाचे वैद्य होते. सकाळीं जो रोगी पाहिला, त्याच्याविषयींच व्याख्यानांत बोलावयाचें. आणि शिष्यानें टिपण चुकविलें, तर त्याच खाटेपाशीं त्यास परत नेऊन दाखवावयाचें. पीट यांजकडे शारीर व शस्त्रवैद्यक, जिरॉड यांजकडे रसायन व वनस्पतिशास्त्र, अशी कामाची वांटणीही झालेली होती. 1851 सालीं पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. मुंबईच्या सार्वजनिक जीवनांत या मंडळींनीं जें केलें तें सर्वविश्रुत आहे. त्यांची पहिली घडण वॉर्डांत झाली, हें मात्र आपण सहसा आठवीत नाहीं.

मोरहेडच्या यशांत एक गोष्ट मागें राहिली, ती मॅक्लेननची भाषा. ग्रँट कॉलेजांत शिक्षण इंग्रजींतून होतें. 1861 च्या सुमारास तेथें देशी भाषांचे वर्ग निघाले, सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनीं मराठींत वैद्यकाचे ग्रंथ लिहिले, आणि 1878 सालीं पुण्यास बैरामजी जीजीभाई वैद्यकशाळा उभी राहिली. या शाळेचे विद्यार्थी पदवीनें कनिष्ठ मानले जात. पण तालुक्याच्या दवाखान्यांत जावयाचे ते तेच. पुढें 1926 सालीं मुंबईस सेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज निघालें, तेव्हां देणगीदारांनीं अट घातली कीं, शिक्षक सरकारी नोकरींत नसलेले स्वतंत्र हिंदी गृहस्थ असावेत. डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले डीन झाले. देणगीची रक्कम आज कोणाच्या ध्यानांत नसेल. ती अट मात्र ध्यानांत राहावी अशी आहे, कारण शिकविणारा कोण यावर तिनें बोट ठेवलें.

1946 सालीं दोन गोष्टी घडल्या. पुण्याची शाळा कॉलेज झाली. आणि सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. (नांवाच्या योगायोगानें आमच्या भोरकरांनीं हुरळून जाऊं नये.) समितीनें सांगितलें कीं, डॉक्टराची पायरी एकच असावी, लायसेन्शिएटांचा कनिष्ठ अभ्यासक्रम बंद व्हावा, आणि प्रत्येक विद्यालयांत सामाजिक वैद्यकाचें शिक्षण मिळावें. हेतु उदात्त होता. परंतु कनिष्ठ पायरी गेली तेव्हां तिच्याबरोबर तालुक्यास जाणारा मनुष्यही गेला, आणि पदवीधरानें तिकडे जावें ही जबाबदारी विद्यालयांत कोणीं उचलावी, हें संदिग्धच राहिलें. सेवाग्रामास 1969 सालीं डॉ. सुशीला नायर यांनीं काढलेल्या विद्यालयांत विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीकडे एक खेडें सोंपविण्याची रीत पडली. ती टिकली, कारण संस्थेच्या मुख्यालाच तिची तळमळ होती.

आतां प्रत्येक महाविद्यालयांत वैद्यकीय शिक्षणाचा स्वतंत्र कक्ष आहे, आणि 2019 च्या नव्या अभ्यासक्रमानें विद्यार्थ्याच्या हातीं एक नोंदवही दिली आहे. अमुक कौशल्य यानें स्वतः करून दाखविलें, अशी शिक्षकानें तींत सही करावयाची. माझ्या मतें विभागांतील शिक्षणप्रमुखाचें सारें कार्य या वहीच्या पानावर मांडतां येईल. कोणता विद्यार्थी कोणत्या वॉर्डांत कधीं उभा राहील हें ठरविण्याचा अधिकार त्यास हवा. सहकाऱ्यांचा अध्यापनाचा वेळ रुग्णसेवेच्या रेट्यापासून राखून ठेवण्याचा हवा. बढतीच्या वेळीं चांगल्या शिक्षकाच्या बाजूनें बोलण्याचा हवा. आणि न पाहिलेल्या कामावर सही नाकारण्याचा तर हवाच हवा. एवढें हातीं नसेल तर तो दुसरा मॅक्लेनन. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत वह्यांचे गठ्ठे टेबलावर येतात, सह्या भराभर होतात, आणि त्यांतलीच एखादी सही पुढच्या पावसाळ्यांत वेल्ह्याच्या दवाखान्यांत रात्रपाळीस बसते.