विंटरबॉटम घराणे आणि ग्रंथबांधणीचे कापड

ग्रंथाच्या इतिहासात लेखक, मुद्रक व प्रकाशक यांची नोंद होते. पुठ्ठ्यावरील कापड कोणी तयार केले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथाचे बाह्यस्वरूप या कापडानेच घडविले.

त्यापूर्वी ग्रंथ बहुधा कागद चिकटविलेल्या पुठ्ठ्यांत विकला जाई आणि सधन ग्राहक तो पुढे चामड्यात बांधून घेई. १८२० नंतरच्या दशकात लंडनचे बांधणीकार आर्चिबाल्ड लेटन यांनी खळ दिलेले सुती कापड प्रचारात आणले. साध्या कापडातून सरस वर फुटतो. खळीने विणीतील छिद्रे बुजतात, कापडास ताठपणा येतो व सोनेरी अक्षरांचा ठसा स्वच्छ उठतो. या सुती कापडाचे 'कॅलिको' हे नाव कालिकत बंदरावरून पडलेले. लँकाशरच्या यंत्रमागांवरील कापडानेही तेच धारण केले.

लेटन यांच्या या उपक्रमाचे मोठ्या उद्योगात रूपांतर केले ते आर्चिबाल्ड विंटरबॉटम (१८१४–१८८४) यांनी. १८५३ मध्ये त्यांनी मँचेस्टर येथे स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे नजीकच्या सॅलफर्डमधील व्हिक्टोरिया मिल्स हे त्याचे केंद्र झाले. कापड रंगविणे, त्यात खळ भरणे, ते रुळांखाली दाबणे व त्यावर नक्षी उठविणे, असा हा क्रम होता. पित्यामागून जॉर्ज हॅरॉल्ड प्रभृती पुत्रांनी धंदा वाढविला. १८९१ मध्ये अनेक प्रतिस्पर्धी कारखाने एकत्र येऊन 'विंटरबॉटम बुक क्लॉथ कंपनी' स्थापन झाली व या व्यापाराची जवळजवळ मक्तेदारी तिच्याकडे आली. पुढे कृत्रिम लेपाची आवरणे व कागदी बांधणी यांचा प्रसार झाला. १९८० मध्ये कंपनीचा व्यवहार संपला.

खळ हे या कापडाचे बळ, तसेच वैगुण्यही. दमट हवेत त्यावर डाग पडतात. कसर व झुरळे खळीसाठीच ते कुरतडतात. आपल्याकडील पावसाळ्यात जुन्या ग्रंथालयांतील इंग्रजी ग्रंथांची ही अवस्था परिचित आहे. अशा ग्रंथांची फेरबांधणी करताना मूळ पुठ्ठे टाकून दिले जातात. तथापि कापडाची नक्षी व रंग यांवरून बांधणीचा काळ अनुमानिता येतो, हे जॉन कार्टर यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९३२ पासूनच दाखवून दिले आहे. मुखपृष्ठावरील साल मुद्रणाचे असते. ती विशिष्ट प्रत केव्हा बांधली गेली, याची साक्ष पुष्कळदा केवळ कापडच देते. म्हणून फेरबांधणी अटळ असेल तेथे मूळ कापडाचा तुकडा तरी ग्रंथासोबत जपून ठेवावा. तो टाकणे म्हणजे एक दस्तऐवज नष्ट करणे होय.