टिळक जामीन खटला (१९१६)

टिळक जामीन खटला हा लोकमान्य टिळकांविरुद्ध इ.स. १९१६ मध्ये पुण्यात चाललेला खटला होय. राजद्रोहासाठी १८९७ व १९०८ मध्ये शिक्षा झालेल्या टिळकांनी बेळगाव व अहमदनगर येथे स्वराज्यावर भाषणे केली. त्यांवरून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ अन्वये जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वर्षभराच्या सद्वर्तनासाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीनदार मागितले. हा जामीन कोठडीतून सुटण्यासाठी नसून पुढील वर्तनाची हमी होता. त्यामुळे टिळकांच्या प्रत्येक भाषणावर रक्कम जप्त होण्याची टांगती तलवार आली. बॅरिस्टर जिनांनी टिळकांची बाजू मांडली. भाषणाचा अर्थ सुट्या वाक्यांवरून नव्हे, तर संपूर्ण भाषणावरून ठरवावा, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हा आदेश रद्द केला.