आकड्यांमागच्या अर्थाची गोष्ट

२३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाच्या आड गेले ते कायमचेच. नऊ महिन्यांहून अधिक काळचा प्रवास पार पडला होता. ठरल्याप्रमाणे यान पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे होते. प्रत्यक्षात ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले. चौकशीत कारण निघाले ते असे: यानाच्या छोट्या इंजिनांचा रेटा मोजणारा जमिनीवरचा प्रोग्रॅम पौंड-सेकंदांत उत्तर देत होता आणि ते उत्तर घेणारी मंडळी ते न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून चालली होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा.

बेरीज-गुणाकार कुठेच चुकले नव्हते. कोणते परिमाण वापरायचे हेही लेखी ठरलेले होते. पण ते लिहिले होते कागदावर, माणसांनी वाचण्यासाठी. आकडा एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेला, त्याचा अर्थ मात्र मागे राहिला.

आपल्या मंडळातल्या कित्येक घरांत संगणकावरच चूल पेटते. जुना प्रोग्रॅम हाती आला, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला आणि एखाद्या रकान्याचा नेमका अर्थ सांगणारे कोणीच उरले नाही, हा अनुभव अनेकांचा असेल. अर्थ असा हरवू नये म्हणून दोन वेगवेगळ्या वर्तुळांतल्या लोकांनी खटपट केली. त्यांची वाट कशी एकत्र आली, याची ही हकिकत.

पहिले वर्तुळ सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांचे. इमारतीआधी नकाशा, तसे प्रोग्रॅमआधी आरेखन हवे, हा त्यांचा आग्रह. १९७६ साली पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध चौकटी-रेषांनी दाखवण्याची पद्धत मांडली. पुढे अशा पद्धतींचे पेवच फुटले आणि प्रत्येकाची चिन्हे निराळी. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून यूएमएल ही चित्रभाषा घडवली. ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या संस्थेने नोव्हेंबर १९९७ मध्ये तिला मान्यता दिली. २००१ च्या सुमारास याच संस्थेने आणखी पुढचा विचार मांडला: आरेखन हेच मूळ मानावे आणि प्रोग्रॅम शक्य तितका त्यातून यंत्रानेच तयार करावा. या कामात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. १९८१ मध्ये तेथे स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रात विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि सहकाऱ्यांनी आरेखनातून मोठमोठ्या व्यावसायिक प्रणाली निर्माण करणारी साधने घडवली.

दुसरे वर्तुळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांचे. १९६० च्या दशकात रॉस क्विलियन यांनी शब्दार्थांचे जाळे संगणकात बसवण्याचा प्रयत्न केला. १९७४ साली मार्व्हिन मिन्स्की यांनी ज्ञानाच्या ‘फ्रेम्स’ची कल्पना मांडली. या जाळ्यांतल्या रेघेचा नेमका अर्थ काय, या प्रश्नाने रोनाल्ड ब्राखमन यांना पछाडले. १९८४ साली त्यांनी हेक्टर लेव्हेक यांच्याबरोबर एक कटू सत्य दाखवले: ज्ञान मांडण्याची भाषा जितकी समृद्ध, तितके तिच्यात यंत्राने अनुमान काढणे अवघड. थोडीशी भर घातली तरी गणित हाताबाहेर जाऊ शकते. या जाणिवेतून बेताच्या, पण खात्रीने अनुमान देणाऱ्या तर्कभाषांची शाखा वाढली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात यंत्रांनाही अर्थ कळेल अशा ‘सिमँटिक वेब’चे स्वप्न रंगवले. त्यासाठी या शाखेचा उपयोग झाला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये आउल ही भाषा प्रमाण ठरली.

दोन्हींकडे वर्ग, उपवर्ग आणि संबंध होतेच. मग दोन्हींची सांगड का घालू नये? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या स्टीफन क्रेनफील्ड आणि मार्टिन पर्व्हिस यांनी १९९९ मध्येच यूएमएल वापरून ज्ञान मांडावे, असे सुचवले होते. पण चित्रे सारखी दिसली तरी स्वभाव जुळेनात.

आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. नोंदवहीत एका मुलाची आई म्हणून एके ठिकाणी ‘सुमन जोशी’ आणि दुसरीकडे ‘सुनंदा कुलकर्णी’ असे लिहिले आहे. प्रत्येकाची जन्मदात्री एकच, हा नियम दोन्ही प्रणालींना ठाऊक आहे. नेहमीचे सॉफ्टवेअर म्हणेल, “चूक! आई दोन कशा?” आउल शांतपणे अनुमान काढेल की या दोघी म्हणजे एकच बाई असली पाहिजे. लग्नानंतर नाव बदलण्याची आपली रीत पाहता आउलचे म्हणणे अगदी रास्त! तसेच गणेशोत्सवाच्या यादीत नाव नसेल, तर नेहमीची प्रणाली म्हणेल, “हे येणार नाहीत.” आउल म्हणेल, “ठाऊक नाही.” एकीचे जग यादीपाशी संपते, दुसरीचे यादीबाहेरही पसरलेले असते. हिशेबाला पहिली वृत्ती हवी, शोधाला दुसरी.

त्यामुळे सोयरीक जुळायला वेळ लागला. २००९ साली ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने दोन्ही जगांमध्ये ये-जा करण्याचे अधिकृत नियम प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये शॅकल ही भाषा प्रमाण झाली आणि सिमँटिक वेबच्या माहितीलाही “हे सदर रिकामे चालणार नाही” असे दटावणे शक्य झाले.

या संगमाचा एक भरीव प्रयोग पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत झाला. मंगळावर गमावलेल्या त्या यानाची मोहीम याच संस्थेकडे होती. तेथील स्टीव्हन जेन्किन्स आणि निकोलस रूकेट यांनी अभियंत्यांची चित्रे सिसएमएल या यूएमएलच्या भावंड-भाषेत राहू दिली. ‘घटक’, ‘कार्य’, ‘आवश्यकता’ या शब्दांचे नेमके अर्थ मात्र त्यांनी आउलमध्ये बांधले. चित्राचे रूपांतर आउलमध्ये करायचे आणि त्यात विसंगती आहे का, हे अनुमानयंत्राकडून तपासून घ्यायचे. कोणी एकाच गोष्टीला घटकही म्हटले आणि कार्यही, तर ती चूक यंत्रच पकडते. अभियंत्याला तर्कशास्त्राची परिभाषा शिकावी लागत नाही आणि यंत्राला चित्राचा अंदाज बांधावा लागत नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी गुरूच्या चंद्राकडे निघालेल्या ‘युरोपा क्लिपर’च्या आखणीत या विचाराचा उपयोग झाला.

सिमँटिक वेबचे मूळचे भव्य स्वप्न उतरले ते तुकड्यातुकड्यांनी: वैद्यकीय परिभाषेत, शोधयंत्रांच्या ज्ञानजालात, अभियांत्रिकीच्या दप्तरात. आरेखनातून सगळे प्रोग्रॅम आपोआप जन्मतील हेही घडले नाही. कष्ट तर मोठेच आहेत, कारण प्रत्येक शब्दाच्या अर्थावर आधी माणसांचे एकमत व्हावे लागते आणि ते काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करीत नाही. आपण आज या देशात लिहीत असलेले प्रोग्रॅम उद्या आपल्याला न ओळखणारे कोणीतरी उघडील. त्याच्या हाती नुसते आकडे पडावेत की त्यांचा अर्थही, हे आपण आज किती स्पष्ट लिहून ठेवतो त्यावर ठरणार आहे.