खंडवा की रतलाम?

इंदूरला मराठी साहित्य संमेलन आजवर तीनदा भरले. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष. संमेलनांच्या इतिहासात अध्यक्षीय भाषणे येतात, ठराव येतात, क्वचित रुसवेफुगवेही येतात. परंतु गिरगावातला किंवा दादरचा साहित्यप्रेमी माणूस इंदूरला पोहोचला कसा, हे त्यांत कुठे नोंदवलेले नसते. प्रश्न क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही, कारण मुंबईहून इंदूरला जाण्याचे रेल्वेचे मार्ग एके काळी दोन होते आणि कोणता घ्यायचा याचा निर्णय घराघरांत होत असे. प्रवासाचे पत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘व्हाया खंडवा की व्हाया रतलाम?’ ‘व्हाया’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो लॅटिनमधून इंग्रजीच्या वाटेने, म्हणजे स्वतःच ‘व्हाया’ आला, हे आता ध्यानातही येत नाही.

दोन मार्ग असण्याचे कारण दोन कंपन्या. जी.आय.पी. रेल्वे १८५३ साली बोरीबंदरहून निघाली, १८६५ साली थळ घाट चढली आणि तापीच्या खोऱ्यातून भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा करीत १८७० साली जबलपूरला जाऊन ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली. तिला इंदूरचे देणेघेणे नव्हते. तिची नजर खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर आणि कलकत्त्यावर होती. दुसरी बी.बी.सी.आय. ती गुजरातेत वाढली, १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत आली आणि पुढे बडोद्याहून गोध्रामार्गे रतलामला तिचे रूळ पोहोचायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. इंदूर या दोन्ही मोठ्या मार्गांच्या मधोमध राहिले.

ही उणीव तुकोजीराव होळकर दुसरे यांनी भरून काढली. त्यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने एकशे एक वर्षांच्या मुदतीवर कर्ज दिले आणि त्यातून खंडवा-इंदूर हा मीटरगेज मार्ग झाला. मराठी संस्थानिकाने कर्ज देऊन आपल्या राजधानीला आगगाडी आणावी, ही गोष्ट आमच्या आर्थिक इतिहासांतून सहसा एका ओळीत आटोपते. नर्मदेवर मोरटक्क्याला पूल झाला, कालाकुंडहून पातालपाणीपर्यंतचा घाट बोगदे खोदून चढवला गेला आणि १८७० चे दशक संपण्यापूर्वी इंदूर रेल्वेच्या नकाशावर आले. हीच मीटरगेज लाइन पुढे रतलाम, अजमेरकडे गेली. १८८५ च्या सुमारास तिचा कारभारही बी.बी.सी.आय.कडे आला. म्हणजे इंदूरचे स्टेशन एकच, लाइनही एकच. मुंबईकर मात्र तिथे दक्षिणेकडून खंडव्याच्या बाजूने येऊ शकत होता किंवा वायव्येकडून रतलामच्या बाजूने. दोन्हीकडे गाडी बदलणे अटळ होते. मोठी लाइन सोडून छोटी लाइन धरायची, वळकट्या आणि ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यायच्या, फिरकीचा तांब्या मात्र आपल्या हातात ठेवायचा.

अंतराचा हिशेब केला तर खंडवा जवळचा. मुंबई ते खंडवा साडेपाचशेहून थोडे अधिक किलोमीटर आणि पुढे इंदूर सुमारे एकशे चाळीस. रतलाम मात्र सुमारे साडेसहाशे आणि तिथून इंदूर आणखी सुमारे एकशे वीस. शिवाय होळकरांचा घाट म्हणजे दम खात चढणारी गाडी, त्यामुळे जवळचा मार्ग वेळेच्या दृष्टीने जवळचा होताच असे नाही. पण कुटुंबे असा हिशेब क्वचितच करीत. गिरगावकराला ग्रँट रोड हाताशी, आणि १८ डिसेंबर १९३० रोजी मुंबई सेंट्रल सुरू झाल्यावर तर बी.बी.सी.आय.ची लांब पल्ल्याची गाडी जवळजवळ दारातच आली. बोरीबंदरला जायचे तर ट्राम किंवा व्हिक्टोरिया करावी लागे. लालबाग, चिंचपोकळी, करी रोडच्या माणसाला जी.आय.पी. घरची. परळला जी.आय.पी.चा कारखाना, लोअर परळला बी.बी.सी.आय.चा. दोन्हींत मराठी कामगार, दोन्ही कारखाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, आणि ज्याची त्याची निष्ठा आपापल्या भोंग्याशी. दादरकराचे दुखणे वेगळेच. त्याच्यापाशी दोन्ही दादर होती आणि कुठल्या दादरला उभे राहायचे हे आधी ठरवावे लागे. (या दोन दादरांचे फलाट ओळीने एक ते चौदा असे मोजायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. कंपन्या जाऊन तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती.)

देवही या निवडीत भाग घेत. ओंकारेश्वर करायचे असेल तर खंडवा, कारण मोरटक्क्याला उतरून नर्मदाकाठी जाता येई. उज्जैनचा महाकाल करायचा असेल तर रतलाम सोयीचे. आमच्या घरी तर पाहुणा कुठून आला हे त्याच्या पिशवीवरून कळत असे. केळ्यांचा घड निघाला तर भुसावळ-खंडवा, शेवेचा पुडा निघाला तर रतलाम. असो.

आम्हांस येथे मांडायचे आहे ते याहून निराळे. या दोन मार्गांनी इंदूर हे दोन वेगळ्या तऱ्हांनी मराठी होते.

खंडव्याच्या मार्गावर भाषा तुटत नाही. नाशिक, मनमाड, चाळीसगाव, जळगाव करीत गाडी जाते तसतशी मराठी सैल होत जाते. खानदेशात अहिराणी कानावर येते, जळगाव-भुसावळकडे बहिणाबाई चौधरींच्या कवितेने आपल्या ओळखीची झालेली लेवा बोली. रावेर मागे पडते, बुऱ्हाणपूर येते. हे बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या दक्षिणेचे दार. तिथल्या बाजारात कोणता शब्द मराठी आणि कोणता निमाडी हे सांगणे अवघड. मग खंडवा. माखनलाल चतुर्वेदींनी ‘कर्मवीर’ चालवला तो याच गावातून. निमाडी पुढे माळवीत मिसळते आणि इंदूर येते. या वाटेने आलेल्या माणसाला इंदूरची मराठी परकी वाटण्याचे कारण नाही. ती एका उताराचा शेवटचा टप्पा असते.

रतलामच्या मार्गावर तसे होत नाही. डहाणूच्या पुढे मराठी संपते आणि गुजराती सुरू होते. बडोद्याला ती पुन्हा भेटते, सयाजीरावांच्या छत्राखाली चांगली भरभराटलेली. १९०९, १९२१ आणि १९३४ ची संमेलने तिथेच झाली. मग पुन्हा गुजराती, गोध्रा-दाहोदच्या पुढे भिली आणि माळवी, आणि अखेर इंदूरला परत मराठी. या वाटेने जाणाऱ्याला मराठी ही बेटांची भाषा दिसते : एक बेट बडोदा, एक बेट इंदूर, मध्ये समुद्र.

मराठी वाङ्मयेतिहासाने ‘बृहन्महाराष्ट्र’ ही जी कल्पना वापरली, ती या दुसऱ्या वाटेची आहे. राजकवी भा. रा. तांबे यांच्याविषयीचे लिखाण पाहावे. मुंगावली, देवास, ग्वाल्हेर ही नावे येतात ती दूरदेशीची म्हणून येतात, आणि तांब्यांची गेयता ही जणू मुख्य भूमीपासून तुटल्यामुळे जपली गेलेली ठेव ठरते. तांबे तुटलेले होते का? ज्या मुलुखात ते वाढले, त्याच्या आणि खानदेशाच्या मध्ये एक निमाड होता. पण त्या निमाडाचा उल्लेख मराठी समीक्षेत शोधूनही सापडत नाही. उलट वाटेचे उदाहरण कुमार गंधर्वांचे. ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात शिकलेला हा गायक १९४८ साली आजारपणात देवासला गेला आणि तिथे त्याला माळव्याची लोकगीते ऐकू आली. आपण त्यावर लिहितो ते ‘शोध’ म्हणून. माळवी गीत आणि खानदेशी ओवी यांच्या मधल्या पायऱ्या ऐकून पाहण्याचे काम संगीताच्या अभ्यासकांनीही फारसे केलेले नाही.

यावर एक आक्षेप आमच्यातील एकाने घेतला आणि तो रास्त आहे. गाड्या रात्रीच्या. बुऱ्हाणपूर कधी गेले हे झोपलेल्या प्रवाशाला काय कळणार? खरे आहे. खिडकीतून भाषा दिसत नाही. परंतु खंडव्याला उतरावे लागे. पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसावे लागे, चहावाल्याशी, हमालाशी, शेजारच्या बाईंशी बोलावे लागे, आणि मग दिवसाउजेडी छोटी लाइन दर स्टेशनाला थांबत जाई. बडवाह, चोरल, कालाकुंड, पातालपाणी ही नावे जुन्या इंदूरकरांच्या तोंडी आहेत ती यामुळे. गाडी बदलण्याचा त्रास हाच त्या मार्गाचा परिचय होता. साहित्याच्या अभ्यासकांना हे पटावे. अनुवादातही मधला मुक्काम टाळला की दोन्ही टोकेच तेवढी दिसतात.

ही निवड संपली ती सावकाश. १९६० च्या दशकात उज्जैन-देवास-इंदूर ब्रॉडगेज झाली आणि मुंबईहून थेट गाडीची शक्यता निर्माण झाली. पुढे अवंतिका एक्स्प्रेस आली. मुंबई सेंट्रलला रात्री बसावे, रतलाम-उज्जैनमार्गे सकाळी इंदूरला उतरावे. अंतर सुमारे आठशे तीस किलोमीटर, म्हणजे खंडव्याच्या मार्गापेक्षा शंभराहून अधिक जास्त, पण गाडी बदलणे नाही. माणसांनी सोय निवडली आणि त्यांत चूक काही नव्हती. २००१ च्या संमेलनाला जाणाऱ्या मुंबईकराच्या मनात खंडवा आलाही नसेल. पुण्याची इंदूर गाडीसुद्धा कल्याण, वसईवरून गुजरातमार्गेच जाते. खंडव्याची छोटी लाइन लोकल प्रवाशांसाठी आणि काही काळ जयपूर-सिकंदराबादच्या मीनाक्षी एक्स्प्रेससाठी उरली. मग रुंदीकरणासाठी ती तुकड्यातुकड्याने बंद होत गेली. महू ते ओंकारेश्वर रोड हा शेवटचा तुकडा २०२३ साली थांबला. घाटात नवी लाइन जुन्या वाटेने जाणार नाही. पातालपाणी-कालाकुंड एवढ्याच टप्प्यावर २०१८ पासून सहलीची गाडी सुरू झाली. धबधबा पाहण्यासाठी लोक तिच्यात बसतात.

तिसरा एक मार्ग होता, रेल्वेच्या आधीचा. शीव ते ठाणे हा रस्ता, आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, आमच्या लहानपणीही सर्वांच्या तोंडी ‘आग्रा रोड’ होता. कसारा, नाशिक, मालेगाव, धुळे, सेंधवा, महू, इंदूर. सातपुडा ओलांडून महूस पोहोचण्याची ही जुनी वहिवाट. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते सातपुड्यापलीकडच्या याच महूच्या आसपास बंडाच्या तोंडी सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला, तोवर त्या वाटेने पायी जाणारा मराठी भिक्षुक उरला नव्हता. तो खंडव्याच्या गाडीत बसू लागला होता. ‘माझा प्रवास’ वर्गात शिकवताना आपण झाशीवर रेंगाळतो. सातपुडा एका तासात ओलांडतो. गोडसे भटजींना मात्र तो पायांनी ओलांडावा लागला होता आणि वाटेतले प्रत्येक गाव त्यांच्या भिक्षेच्या हिशेबात होते.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गास मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा यांच्या बाजूने जाणारा हा मार्ग म्हणजे बव्हंशी आग्रा रोडच. जी.आय.पी.ने कापसासाठी आणि कलकत्त्यासाठी जो सरळ रस्ता सोडून दिला होता तो. पूर्ण झाल्यास मुंबई-इंदूर रेल्वेचे अंतर पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास येईल आणि खंडवा-रतलाम हा वाद कायमचा निकाली निघेल. निमाडाचा दुसरा काठ, बडवानी-खरगोनकडचा, त्या मार्गावर येईल. बुऱ्हाणपूर-खंडवा येणार नाहीत.

तूर्तास दादरहून इंदूरला निघणाऱ्या रात्रीच्या खासगी बसगाड्या आहेत. मागील महिन्यात आमच्यातील दोघे एका व्याख्यानासाठी तसेच गेले. तिकीट देणाऱ्या मुलाला कोणत्या मार्गाने जाणार म्हणून विचारले, तर तो मान वर न करता म्हणाला, ‘व्हाया धुळे, सेंधवा.’ पहाटे सातपुडा उतरल्यावर एका ढाब्यावर गाडी थांबली. चहा देणाऱ्याला आम्ही सवयीने हिंदीत हाक मारली. तो आतल्या माणसाशी बोलत होता, आणि ते अहिराणी होते की निमाडी यावर इंदूर येईपर्यंत आमचे एकमत झाले नाही.